हरणाऱ्या संघाची ड्रेसिंग रूम: सगळं ओझं कर्णधारावर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातला फुटबॉल क्लब, 20 जणांचा संघ, सलग पाच सामने हरलेला. कर्णधार 20 वर्षांचा. खेळ चांगला, पण मैदानात तोंड उघडत नाही. कोल्हापूरला एक हंगाम खेळून आलेले दोन ज्येष्ठ खेळाडू वेगळे बसतात, कॅम्प भागातली मुलं वेगळी. सामना संपला की गोलाचं खापर एकमेकांवर फोडणं सुरू होतं. कर्णधार बदलावा का, आणि संघ एकत्र कसा आणावा?

आधी सरळ उत्तर. कर्णधार आत्ता बदलू नका, आणि एकी व्हावी म्हणून बिर्याणीची पार्टीही ठेवू नका. पार्टीने ओळख वाढते, पण साठाव्या मिनिटाच्या कॉर्नरला कोणाला कोण धरणार हे तिथे ठरत नाही. हरणाऱ्या संघातलं भांडण वरून माणसामाणसांतलं दिसतं. खोलात गेलं की बहुतेक वेळा कळतं, की कोणाचं काम कोणतं हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक चूक कोणाच्याही नावावर टाकता येत होती. कामं नेमून दिली, नेतृत्व चार जणांत वाटलं आणि सरावात त्याच कामांची उजळणी केली, की मुलं एकमेकांशी कामाचं बोलायला लागतात. मैत्री त्यानंतर होते. नाही झाली तरी संघ चालतो.

दुखणं कुठे आहे ते आधी शोधा. पाच सामन्यांत खाल्लेला प्रत्येक गोल एका वहीत लिहा. चार रकाने पुरेत: मिनिट, चेंडू कुठे आणि कसा गमावला, गोल मारणारा कोणाच्या ताब्यात होता, आणि गोल झाल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात कोणी काय केलं. मोबाइलवरचं चित्रीकरण असेल तर उत्तम. नसेल तर बेंचवरच्या दोघांना वेगवेगळं विचारून लिहा, दोघांचं जिथे जुळेल तेच धरा.

सत्तराव्या मिनिटानंतरचे गोल जास्त निघाले तर दमसास कमी आहे किंवा बदली खेळाडू उशिरा उतरतोय. त्याला सभा नको, धावणं हवं. कॉर्नर आणि फ्री किकवरचे जास्त असतील तर मार्किंगची, म्हणजे समोरच्या कोणत्या खेळाडूला आपल्यातल्या कोणी धरायचं याची, वाटणी झालेली नाही. ती दोन सरावांत बसते. पण पहिला गोल खाल्ल्यावर दहा मिनिटांच्या आत दुसरा, असं पाचपैकी तीन सामन्यांत झालं असेल, तर तिथे नेतृत्वाची उणीव आहे. पहिल्या गोलानंतर अकरा जण अकरा दिशांना बघतात, कोणी हात उडवतो, कोणी खाली मान घालून एकटाच चेंडू घेऊन घुसतो, आणि मागची जागा मोकळी पडते. चौथा रकाना भरायला मुलं कुरकुर करतील, तरी तोच सगळ्यात मोलाचा आहे.

गटबाजीबद्दलही आधी मोजा, मग बोला. पुढच्या सामन्यात एका माणसाला कडेला बसवून 20 मिनिटं एवढंच टिपायला सांगा, की कोण कोणाला पास देतो. कॅम्पातला विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) मोकळा उभा राहूनही त्याच्याकडे चेंडू जात नसेल, तर लगेच त्याला गटबाजी म्हणू नका. त्या बाजूचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) डाव्या पायाने कच्चा असेल, तर तो दर वेळी आत वळतो आणि उजवीकडेच देतो. विंगरला वाटतं मुद्दाम टाळतात, फुलबॅकला वाटतं हा उगीच चिडतो. अशा वेळी दोघांना आठवडाभर सरावानंतर 15 मिनिटं जोडीने फक्त डाव्या पायाचा पास घटवायला लावा. आणि मोजणीत खरंच एकाच गल्लीतली मुलं एकमेकांना शोधताना दिसली, तर तुमच्या हातात आकडा असतो. आकड्यापुढे आवाज चढवायची गरज पडत नाही.

आता कर्णधार. खेळाच्या नियमावलीतला तिसरा नियम सांगतो, की कर्णधाराला कोणताही खास दर्जा किंवा सवलत नाही, पण संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर असते. अलीकडच्या नियमांत आणखी एक तरतूद आली आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी ती लागू केली असेल, तर मोठ्या निर्णयानंतर पंचाशी बोलायला फक्त कर्णधाराने जायचं, बाकीचा कोणी धावून गेला तर त्याला पिवळं कार्ड मिळू शकतं. कर्णधार गोलकीपर असेल, तर नाणेफेकीच्या वेळी मैदानातल्या दुसऱ्या एका खेळाडूचं नाव पंचाला द्यायचं. तुमच्या स्पर्धेत ही तरतूद नसली तरी ती स्वतःला लावून घ्या. हरणारा संघ पंचावर फार राग काढतो. तीन जण पंचाभोवती उभे असताना समोरचा संघ फ्री किक घेऊन मोकळा होतो, आणि वहीत आणखी एक गोल चढतो.

एवढं सोडलं तर आर्मबँड घालणाऱ्यानेच सगळं करावं असं कुठेही म्हटलेलं नाही. बेल्जियममध्ये कात्रिन फ्रान्सेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ खेळांतल्या चार हजारांहून अधिक खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना विचारलं, की संघात खरा नेता कोण. त्यांनी नेतृत्वाच्या चार बाजू धरल्या होत्या: मैदानात डावपेच सांगणारा, जोश टिकवणारा, मैदानाबाहेर माणसं जोडून ठेवणारा, आणि बाहेरच्यांशी म्हणजे क्लबचं व्यवस्थापन, पत्रकार, प्रायोजक यांच्याशी बोलणारा. जवळजवळ निम्म्या जणांनी या चारपैकी एकाही बाजूला कर्णधाराचं नाव पहिलं घेतलं नाही. म्हणजे तुमचा न बोलणारा कर्णधार हा काही वेगळाच प्रकार नाही. बाकीच्या तीन जागा तुम्ही भरलेल्या नाहीत, म्हणून तो एकटा उघडा पडलाय.

त्या जागा प्रशिक्षकाच्या मर्जीने भरू नका. सरावानंतर प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, नाव न घालता, तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. मैदानात गोंधळ झाला तर कोणाचं ऐकशील? खराब खेळलास तर त्या रात्री कोणाला फोन करशील? सरांना न आवडणारी गोष्ट सांगायला कोणाला पाठवशील? स्वतःचं नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या प्रशिक्षक आणि बाहेरचा एक विश्वासू माणूस, दोघांनी मिळून मोजा. कोणाला किती मतं पडली हे कधीच सांगू नका. आकडा बाहेर गेला की नवीन भांडण उभं राहतं. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा बेंचवरच्या एखाद्या शांत मुलाचं नाव येतं, ज्याच्याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलेलं नसतं. त्याला जरूर घ्या.

कर्णधार धरून चार जणांचा गट करा. एक बचावातला किंवा मधल्या फळीतला हवा, कारण त्यालाच पूर्ण मैदान समोर दिसतं. एक राखीव हवा. चौघे एकाच गल्लीचे किंवा एकाच कॉलेजचे नकोत. प्रत्येकाचं काम एका वाक्यात लिहून द्या. सेंटर बॅक (बचावाच्या मध्यभागचा खेळाडू): कॉर्नर आणि फ्री किकला मार्किंगची नावं घेणं, बचावाची लाइन पुढे-मागे करणं. मधला खेळाडू: गोल खाल्ल्यावर सगळ्यांना जमवणं. राखीव खेळाडू: जखमी, आजारी, वगळलेल्या मुलाला त्याच दिवशी फोन करणं. कर्णधार: नाणेफेक, पंच आणि सरांशी बोलणं. शेवटच्या कामाला फार शब्द लागत नाहीत, आणि खेळातून दिसणारा मान त्या पोराकडे आधीच आहे. मोठ्याने ओरडायची सक्ती त्याच्यावर करू नका. जे कर्णधार बळेच ओरडायला लागतात त्यांचा स्वतःचा खेळ पंधरा दिवसांत बिघडतो.

कर्णधार बदलायची वेळ दोनच कारणांनी येते: तो स्वतःच एका गटाचा म्होरक्या असेल, किंवा सरावाला येत नसेल. तसं असेल तर आधी त्याला एकट्याला बोलावून कारण सांगा, मग चौघांना, मग संघाला. सामन्याच्या दिवशी हे कधीच नको. व्हॉट्सअॅपवर तर नाहीच नाही.

कोल्हापूरहून आलेल्या दोघांबद्दल. शाहू स्टेडियमवर भरलेल्या गॅलरीसमोर तालमींच्या, म्हणजे तिथल्या पेठांच्या फुटबॉल संघांच्या, सामन्यांत खेळलेल्या मुलाकडे दडपण पेलायची सवय असते, ती संघाला हवीच आहे. अडचण होते ती "तिकडं असं नसतं" या वाक्याने. त्यांना सांगा, तिकडच्या दोन गोष्टी निवडा आणि पुढच्या दोन सरावांत 20-20 मिनिटं संघाकडून करून घ्या. एकाला बचावाच्या कॉर्नरची जबाबदारी द्या, दुसऱ्याला 18-19 वर्षांच्या दोन मुलांसोबत सरावात कायम जोडीला ठेवा. ज्याला शिकवायचं काम मिळतं त्याला वेगळं बसायला सवड राहत नाही. एक गोष्ट मात्र लेखी घ्या: हंगामात कोणत्या तारखांना ते बाहेर खेळायला जाणार. गडहिंग्लजला स्पर्धा लागली आणि शनिवारी रात्री कळलं की उद्या दोघे नाहीत, तर उरलेल्या अठरा जणांचा विश्वास तिथेच जातो. नोंदणी कोणत्या क्लबकडे आहे हेही आधीच तपासून ठेवा.

व्हॅक्सिन डेपो असो, लेले मैदान असो की खानापूरकडचं एखादं शाळेचं पटांगण, आपल्याकडे चार भिंतींची ड्रेसिंग रूम क्वचितच मिळते. आपली ड्रेसिंग रूम म्हणजे बॅगा ठेवायची झाडाखालची जागा, टेम्पो ट्रॅक्सची मागची सीट, सरावानंतरचा चहाचा गाडा आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप. संघ फुटतो तो या चार ठिकाणी, म्हणून शिस्तही तिथेच लावायची.

बॅगा एकाच जागी, एका ओळीत. साधी गोष्ट आहे, पण बॅगा तीन ठिकाणी पडल्या की मध्यंतराला मुलं तीन ठिकाणी बसतात. चेंडूंची जाळी, बिब (सरावात संघ ओळखायला घालायची रंगीत बनियनं) आणि पाणी आणण्याची पाळी आठवड्याने फिरवा, आणि पहिली पाळी कर्णधाराची, दुसरी कोल्हापूरवाल्यांची लावा. नवीन पोरांवरच ओझं टाकायची रीत असेल तर ती आजच बंद करा. उशिरा येणाऱ्याला पैशाचा दंड नको. यंत्रमागावर बसणाऱ्याच्या घरात 50 रुपयांचं मोल वेगळं आणि दुकानदाराच्या घरात वेगळं. दंड म्हणून जाळी धुणं, बिब धुणं, सरावानंतर कोन गोळा करणं. सगळ्यांना सारखं, आणि सगळ्यात चांगल्या स्ट्रायकरला आधी. त्याला एकदा सूट दिली की नियम उरत नाही.

हजेरीच्या बाबतीत मात्र समजून घ्या. उद्यमबागेत फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला असलेला मुलगा संध्याकाळी 5 च्या सरावाला येणार कसा? त्याच्यासाठी आठवड्यातून एक सकाळचा सराव ठेवा आणि त्याच्या पाळ्यांचा कागद रविवारीच मागून घ्या. गणपतीत अर्धा संघ मंडपात असतो, नवरात्रात कित्येक जण पहाटे दुर्गामाता दौडीला जातात. त्या दिवसांचं वेळापत्रक महिनाभर आधी लावलं तर कोणाला खोटं कारण सांगावं लागत नाही. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांना दुपारनंतरचा कडक सराव झेपत नाही; इफ्तारच्या आधी पाऊण तास हलका चेंडूसराव, किंवा इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी दिवे असलेल्या टर्फवर. रविवारी सकाळी कॅम्पातल्या मुलांची चर्चमधल्या मिस्साची वेळ विचारून मग सामना ठरवा. ही माहिती ठेवणं माणसं जोडणाऱ्या त्या राखीव खेळाडूचं काम. एवढ्यावर मुलं किती बदलतात हे प्रत्यक्ष पाहावं असं आहे.

आपल्या संघात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशा चारही भाषा कानावर पडतात. अडचण येते ती दोनच वेळी. एक, एखाद्याच्या चुकीबद्दल त्याच्यासमोरच त्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं जातं. याला कडक मनाई हवी: ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला समजेल असंच बोलायचं. दुसरी, मैदानातली हाक. घाईत सेंटर बॅक कन्नडमध्ये ओरडतो, फुलबॅकला उशिरा कळतं. दहा हाका ठरवा आणि सगळ्यांनी त्याच वापरायच्या: मॅन ऑन, टाइम, टर्न, लाइन, आऊट, कीपर, स्विच, बॅक, होल्ड, सेकंड. सरावातल्या पाच विरुद्ध पाचच्या खेळात 10 मिनिटं या दहांखेरीज एकही शब्द उच्चारायचा नाही असा नियम लावा. दुसरा शब्द आला की चेंडू समोरच्या संघाला. शिव्या आणि टोमणे पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर येतात, कारण त्यांची किंमत चेंडूने मोजावी लागते.

व्हॉट्सअॅपचे दोन ग्रुप करा. एकात फक्त सूचना, टाकणारे दोघेच. दुसरा गप्पांचा. सामन्यानंतर 24 तास कोणत्याही ग्रुपवर खेळाबद्दल काही लिहायचं नाही, आणि व्हॉइस नोट तर कायमचीच बंद. रागातला आवाज पुढे पाठवला जातो आणि महिनाभर फिरत राहतो.

संघ निवडीची रीत बदला. रात्री 11 वाजता ग्रुपवर अकरा नावं पडतात आणि वगळलेल्या मुलाला ते मित्राकडून कळतं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि अर्धी गटबाजी तिथूनच सुरू होते. नियमित खेळणाऱ्याला वगळत असाल तर यादी लागण्याआधी त्याला समोर बसवून दोन मिनिटं बोला. तीन वाक्यं पुरतात: का वगळलं, काय सुधारायचं, पुन्हा कधी विचार होईल. "तू दोन सामन्यांत मागे परतायला उशीर केलास. या आठवड्यात सरावात तेवढंच बघणार. पुढच्या यादीच्या आधी परत बोलू." सहानुभूतीचं लांब भाषण नको, त्यातून त्याला भलतीच आशा लागते.

बेंचचा विषय निघालाच आहे तर बेंगळुरू एफसीचा 2022-23 चा हंगाम आठवा. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, सुरुवातीला एकामागून एक पराभव झाले होते. मग संघाने साखळीतले शेवटचे आठही सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. फातोर्ड्याला एटीके मोहन बागानकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हार झाली. त्या विजयी मालिकेत सुनील छेत्रीसारखा खेळाडू बहुतेक वेळा बेंचवरून उतरत होता. केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यातही तो बदली म्हणून आला आणि जादा वेळेत त्यानेच गोल केला. देशाचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर बेंचवर बसून संघाच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा बेंचवरच्या दुसऱ्या कोणाला तोंड वाकडं करायला जागा राहत नाही. तुमच्या ज्येष्ठांपैकी एकाला कधी बाहेर बसवायची वेळ आली, तर त्याच्याशी हे आधी बोलून ठेवा. बेंचवरच्या प्रत्येकाला कामही द्या: एकाने समोरच्यांचे कॉर्नर कोण घेतो आणि कुठे टाकतो ते बघायचं, दुसऱ्याने आपल्या फुलबॅकच्या मागची जागा, तिसऱ्याने पंच कोणत्या फाऊलला शिट्टी देतोय ते. मध्यंतराला प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं.

मध्यंतर नियमाने 15 मिनिटांपेक्षा जास्त नसतं, आपल्या स्पर्धांत अनेकदा दहाच मिळतात. दहा धरू. पहिली दोन मिनिटं पाणी आणि शांतता, प्रशिक्षकानेही बोलायचं नाही. पुढची तीन मिनिटं बचाव, मधली फळी आणि आघाडी आपापसात बोलतील, बेंचवरचे त्यांना आपलं वाक्य देतील. मग तीन मिनिटं प्रशिक्षक, फक्त दोन मुद्दे. उरलेल्या वेळात उभं राहून कर्णधार एकच सांगेल: उत्तरार्धाच्या पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. दहाही मिनिटं प्रशिक्षक बोलला तर मुलं मान डोलावतात आणि मैदानात उतरताना कुजबुजत आपलंच काहीतरी ठरवतात.

गोल खाल्ल्यानंतरची 30 सेकंदं सरावात शिकवावी लागतात, सामन्यात ती आपोआप येत नाहीत. चेंडू जाळ्यातून काढायचा गोलकीपरने, आणि शांतपणे कर्णधाराच्या हाती द्यायचा. त्या वेळात जमवणारा मधला खेळाडू सगळ्यांना पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर बोलावतो. एकच वाक्य, तेही पुढच्या कामाचं: "लाइन वर, पहिला पास मागं, पाच मिनिटं कोणी ड्रिबल नाही." कोणाचं चुकलं याचा उच्चार नाही, हात उडवणं नाही. मग सेंटरपासून ठरलेला खेळ: चेंडू मागे, तिथून कोपऱ्याकडे लांब, आणि थ्रो मिळेल तिथे सगळा संघ वर. गोल फेडण्याची घाई या पाच मिनिटांत करायची नाही, चेंडू आपल्या गोलापासून लांब ठेवायचा. सरावात यासाठी दर आठवड्याला 12-12 मिनिटांचे दोन खेळ 0-1 ने मागे आहोत असं धरून खेळा. एकात सहाव्या मिनिटाला प्रशिक्षकाने मुद्दाम समोरच्यांना एक पेनल्टी द्यावी. अन्याय झाल्यावर चौघे काय करतात ते बघण्याची ती जागा. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं पंचाच्या जागी उभ्या असलेल्या सरांशीच वाद घालतील. तिसऱ्या आठवड्यात मधला खेळाडू शिट्टी वाजताच वळून हाक मारायला लागला, तर समजा बसतंय.

खेळाडूंची सभा घ्यावी का? घ्या, पण एकदाच आणि नीट. हरलेल्या संध्याकाळी नको. मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, सरावानंतर, गोलात बसून, जास्तीत जास्त अर्धा तास. प्रशिक्षकाला आधी सांगूनच. सुरुवात सगळ्यात लहान मुलापासून, शेवट ज्येष्ठांवर. उलट केलं तर पहिले दोघे 20 मिनिटं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या होला हो करतात. प्रत्येकाला एक मिनिट आणि दोन गोष्टी: मी पुढच्या सामन्यात काय करणार, आणि मला शेजारच्या जागेवरच्या खेळाडूकडून काय हवं. "तू त्या दिवशी" अशी सुरुवात झाली की नेमलेल्या चौघांपैकी कोणीही थांबवायचं. शेवटी दोनच निर्णय, वहीत लिहायचे, आणि पुढच्या सामन्यानंतर त्या दोनांवरच बोलायचं. निर्णय सात-आठ झाले की एकही पाळला जात नाही.

सभेला धोकाही आहे. 2010 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेत मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरातल्या वादानंतर फ्रान्सने निकोला आनेल्काला घरी पाठवलं. 20 जूनला क्नाइस्ना इथे खेळाडूंनी सराव करायला नकार दिला, कर्णधार पॅट्रिस एव्ह्रा आणि फिटनेस प्रशिक्षक यांच्यात सगळ्यांसमोर जुंपली, आणि खेळाडूंचं निवेदन प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांनाच पत्रकारांसमोर वाचावं लागलं. खेळाडू तेव्हा एकत्र होतेच की. पण ते एकत्र होते सराव न करण्यासाठी. दोन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेकडून 1-2 हार आणि तीन सामन्यांत एक गुण घेऊन गटात शेवटचं स्थान. म्हणून तुमच्या सभेत प्रशिक्षकाबद्दलची तक्रार निघाली तर ती तिथे चघळू नका. लिहा, आणि कर्णधाराने दुसऱ्याच दिवशी एका माणसाला सोबत घेऊन सरांना समोरासमोर सांगावी. प्रशिक्षकाची बाजूही तेवढीच: त्याने कर्णधाराला "कोण काय बोललं" असं कधीच विचारायचं नाही. कर्णधार खबऱ्या ठरला की तो संपला, आणि पुढे तुम्हालाही खरं काही कळणार नाही.

पैशाबद्दल उघड बोला, कारण न बोललेला पैसा सगळ्यात जास्त बोचतो. स्पर्धेला निघण्याआधी कागदावर लिहा: प्रवेश फी, ट्रॅक्सचं भाडं, जेवण वजा जाता बक्षिसाची रक्कम कशी वाटायची. माझं मत स्पष्ट आहे, की बेंचसकट सगळ्यांना सारखा वाटा आणि सामनावीराचं वैयक्तिक बक्षीस ज्याचं त्याला. बाहेरून बोलावलेल्या खेळाडूला जास्त द्यायचं ठरत असेल तर तेही आधी आणि सगळ्यांसमोर. क्लबच्या कमिटीतल्या मंडळींना हात जोडून सांगा, की मध्यंतराला आणि सामना संपल्यावर अर्धा तास झाडाखालच्या त्या जागेत यायचं नाही. कळवळ्यापोटीच ते येऊन बोलतात, पण एकाने केलेलं कौतुक आणि दुसऱ्याने काढलेली चूक, दोन्हींमुळे नवे गट होतात.

एवढं करूनही एखादा जण बिघडवतच राहील. तो चिडका आहे की फोडणारा, हे आधी ओळखा. चिडका तोंडावर ओरडतो, पण चेंडू गमावला की पहिला मागे धावतो. त्याला सांभाळा, त्याची ऊर्जा कामाची आहे. फोडणारा समोर गप्प असतो, ट्रॅक्समध्ये बोलतो, आणि चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. त्याच्याशी आधी माणसं जोडणाऱ्याने एकट्याने बोलावं. आठवड्यात फरक नाही दिसला तर कर्णधार आणि प्रशिक्षक दोघांनी, नेमकी दोन उदाहरणं घेऊन. त्यानंतर दोन सामने बाहेर, मग तो कितीही चांगला खेळाडू असो. फक्त दोन सामन्यांनी त्याला परत यायची वाट ठेवा, आणि ती वाट कोणती हे त्याला बाहेर बसवतानाच सांगा.

पुढच्या तीन सामन्यांसाठी "जिंकायचंच" हे लक्ष्य ठेवू नका. लक्ष्य अशी ठेवा की हरलो तरी मोजता येतील: गोल खाल्ल्यावर दहा मिनिटांत दुसरा नाही, प्रत्येक कॉर्नरला मार्किंगची नावं मोठ्याने घेतली गेली, पंचाकडे कर्णधाराशिवाय कोणी गेलं नाही. तीन सामन्यांत ही तिन्ही पाळली गेली आणि तरीही हार झाली, तर मग दोष खेळाच्या दर्जाचा आहे आणि नवीन खेळाडू किंवा वेगळी रचना शोधायला हरकत नाही.

रविवारी सामना असेल तर क्रम असा लावा: मंगळवारी वही आणि चिठ्ठ्या, बुधवारी चौघांना कामं, गुरुवारी दहा हाका आणि 0-1 चा खेळ, शुक्रवारी खेळाडूंची सभा, शनिवारी वगळलेल्यांशी बोलून मग यादी. रविवारी बॅगांची ओळ लावायला कर्णधाराला अर्धा तास आधी बोलवा.